मानेची भरपाई

शांताक्काच्या मानेवर साधा ओरखडाही उठला नव्हता, आणि सगळी अडचण तिथंच होती. हात मोडला असता, डोकं फुटलं असतं, निदान लुगड्यावर रक्ताचा डाग पडला असता, तरी बोट ठेवून दाखवायला काहीतरी राहिलं असतं. तिला जे झालं ते आत होतं. बाहेरून ती पहिल्यासारखीच दिसायची. फक्त कुणी हाक मारली की मान न वळवता सगळ्या अंगानं वळायची, आणि लोकांना वाटायचं, बाईला ताठा आलाय.

निजामाच्या राज्यातल्या येरमाळ्यात बाजारपेठेच्या टोकाला तिचं घर. घर लिंगायत बांगडीवाल्यांचं. नवरा शांतलिंग हाताचा मोठा कसबी, पण दम्यानं त्याला असं धरलं होतं की ओसरीवरून परसात जायचं तरी मधे टेकावं लागे. म्हणून लग्नानंतर काही वर्षांतच बांगड्यांची पाटी शांताक्काच्या डोक्यावर आली ती कायमची. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ती पायी हिंडायची. पाटीला हात न लावता, दोन्ही हात मोकळे सोडून चालायची. चढ असो की उतार, आतली काच वाजत नसे. हात कितीही जाड असू दे, ती बोलता बोलता मनगटावर बांगडी चढवी आणि समोरच्या बाईला कळतही नसे. बांगडीला केसाएवढा तडा असला तरी ती भरायची नाही, बाजूला ठेवून द्यायची. "घालून काय उपेग? उद्या वाढली की माजंच नाव घ्याल," म्हणायची. बांगडी फुटली असं ती कधी म्हणत नसे.

गोष्ट १९४४ च्या वैशाखातली. लढाई चालू होती, पेट्रोल परवान्यावर मिळायचं. येडशी-येरमाळा सडकेवर मोटार दिसली तर ती एकतर सरकारी असायची, नाहीतर आण्णासाहेबांची. आण्णासाहेब म्हणजे त्या भागातले दारूचे गुत्तेदार. शेतीवाडी अफाट, आणि माणूस कधी आवाज चढवून न बोलणारा. त्यांच्या काळ्या मोटारीचा भोंगा ऐकू आला की गाडीवान आपली गाडी सडकेखाली उतरवून उभी करत.

शांताक्का हद्दीपलीकडच्या, इंग्रजी मुलखातल्या बार्शीहून नवा माल घेऊन छोट्या रेल्वेनं येडशीला उतरली आणि गावच्या गोरोबाच्या बैलगाडीत बसली. गोरोबाकडं स्टेशनावरची पोती होती. पोत्यांवर ती, आणि तिच्या मांडीशी बांगड्यांची पेटी. उन्हानं सडक पांढरीफेक पडली होती. एका नाल्यापाशी डाव्या बैलाची जुपणी, मानेखालून जोखडाला बांधायचा पट्टा, सुटली. गोरोबा गाडी कडेला घेऊन खाली उतरला आणि बैलापुढं जाऊन वाकला.

आधी आवाज आला की आधी धक्का बसला, हे शांताक्काला पुढं कधीच सांगता आलं नाही. मागून काहीतरी आदळलं. आसूड झटकावा तशी तिची मान मागं गेली आणि तितक्याच जोरात पुढं आली. ती पोत्यांवर आडवी कोसळली, तोंड मागच्या बाजूला. गाडी पुढं ढकलली जाऊन उजवा बैल जोखडाखाली बसला. पेटीतल्या काचेचा बराच वेळ आवाज येत राहिला.

तिला मान हलवता येईना. म्हणून समोर जे होतं तेच ती बघत राहिली. काळी मोटार गाडीच्या मागं येऊन थटलेली, एक दिवा फुटलेला. चाक धरून महारुद्र ड्रायव्हर बसलेला, त्याच्या शेजारी आण्णासाहेब. मागच्या बाजूला मोठ्या मिशांचा एक गडी. आणि त्या गड्याच्या शेजारी, सीटवर आडवा, घोंगडं पांघरलेला कुणीतरी. वैशाखातली दुपार, आणि डोक्यापासून घोंगडं. आजारी असंल, तिच्या मनात आलं. धक्क्यानं घोंगड्यातून एक पाऊल बाहेर येऊन पुढच्या सीटच्या पाठीवर पडलं होतं. डावं पाऊल. त्याला अंगठा नव्हता, अंगठ्याच्या जागी जुना, गुळगुळीत व्रण होता.

मिशावाल्यानं तिच्याकडं पाहिलं आणि घोंगडं ओढून पाऊल झाकलं.

आण्णासाहेब खाली उतरले. त्यांनी आधी दिवा पाहिला, मग बैल पाहिला, मग शांताक्काजवळ आले.

"लागलं का गं?"

"न्हाय मालक," ती म्हणाली. तेव्हा खरंच काही दुखत नव्हतं. नुसतं बधिर झालं होतं.

"मालाचं काय ते बघू," आण्णासाहेब म्हणाले आणि मोटारीत बसले. मोटार मागं सरली आणि सडक सोडून उजव्या हाताच्या गाडीवाटेनं डोंगराकडं निघाली. तिकडं वस्ती नव्हती. झाडी होती आणि जुन्या चुन्याच्या भट्ट्या होत्या.

गोरोबा धुळीकडं बघत राहिला. "मालकाचं गाव तर सरळ हाय," तो म्हणाला. मग आपणच बोललेलं नको वाटल्यासारखा तो बैलाकडं वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताक्काला अंथरुणातून डोकं उचलता आलं नाही. शांतलिंगनं खांद्याखाली हात घालून तिला उठवलं. मानेचा खुंटा झाला होता. कवटीच्या मागून कळ निघून डोळ्यापर्यंत यायची, आणि उजव्या हाताला मुंग्या येत. त्याच दिवशी आण्णासाहेबांचा माणूस घरी येऊन वाढलेल्या मालाची किंमत देऊन गेला, एक पैसा कमी नाही. गोरोबालाही जायबंदी बैलाच्या बदल्यात आण्णासाहेबांच्या गोठ्यातला बैल मिळाला, आधीच्यापेक्षा तगडा. गावात आण्णासाहेबांचं नाव झालं. एवढा मोठा माणूस, पण गरिबाचं नुकसान ठेवलं न्हाय, असं लोक पारावर बोलत.

महिना गेला तरी मान सुटली नाही. हाडवैद्यानं तेल चोळलं, शेक दिला, एकदा हिसका देऊन बघितला, त्यानं ती घेरी येऊन पडली. पाटी डोक्यावर घ्यायचा प्रश्नच नव्हता. मग ती घरीच बांगड्या भरू लागली. एका बाजाराच्या दिवशी ओसरीवरच्या गर्दीत एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरताना तिचा उजवा हात थरथरला, काच मोडली आणि पोरीच्या मनगटातून रक्त आलं. पोरीच्या सासूनं पोरीला उठवलं. त्यानंतर बाया कमी कमी येऊ लागल्या.

बार्शीच्या डॉक्टरनं मान चाचपून सांगितलं, आतले स्नायू आणि शिरा ताणल्या गेल्यात. बरं वाटायला वर्ष लागेल, कदाचित पूर्ण बरं वाटणारही नाही. तसा दाखला त्यानं लिहून दिला.

"मालाची भरपाई दिली, बैलाची दिली," शांताक्का नवऱ्याला म्हणाली. "मपल्या मानेची कोण देणार?"

"मोठ्या माणसाच्या वाटंला जाऊ नये," शांतलिंग म्हणाला. श्वास पुरेना म्हणून तो थांबला. "दिसत न्हाय ते दुखणं कुनाला दाखवशीन?"

"म्हणूनच जायचं. दिसलं असतं तर त्यानं आपणहून दिलं असतं."

धाराशिवला गौसोद्दीन वकील होते. वय झालेलं, नजर कमी झालेली, फार कामं नसलेले. त्यांनी बार्शीचा दाखला नाकाजवळ धरून वाचला.

"बाई, हा इंग्रजी मुलखातल्या डॉक्टरचा कागद. इथली अदालत याला किती वजन देईल, खुदा जाने. गवाह कोण हाय?"

"गोरोबा हाय. आन मोटारीत चौघं होते."

"मोटारीतले मालकाचे. ते कशाला बोलतील?"

"एक आजारी होता, घोंगडं पांघरून पडलेला. त्यो मालकाचा गडी वाटला न्हाय. डाव्या पायाला अंगठा नव्हता."

वकीलसाहेबांना हे आवडलं. परका माणूस, आजारी म्हणून मोटारीत घेतलेला, त्याची साक्ष खरी धरली जाईल. त्यांनी आण्णासाहेबांना नोटीस पाठवली. मोटारीत चौघं होते, त्यातल्या आजारी इसमाचं नाव-गाव कळवावं, त्याला साक्षीला बोलवायचं आहे, असं तीत स्पष्ट घातलं.

नोटीस पोचली आणि आठवड्याच्या आत गोरोबा बदलला. शांताक्का त्याच्या घरी गेली तेव्हा तो नव्या बैलाला पाणी दाखवत होता. बैलाच्या पाठीवर हात ठेवूनच तो बोलला.

"म्या बैलापुढं वाकलो होतो अक्का. म्या मागं बगितलंच न्हाय."

"मोटार कुनीकडं गेली ती तर बगितली? तूच म्हन्लास."

"म्या काय म्हन्लो न्हाय." त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला जवळ सरकावं लागलं. "तुमी बी काय म्हनू नका. मपली लेकरं हायती."

ती घरी आली तर घरासमोरच्या लिंबाखाली काळी मोटार उभी होती. फुटलेला दिवा बदलला होता. आण्णासाहेब ओसरीवर शांतलिंगशेजारी बसून पाणी पीत होते. महारुद्र मोटारीतच बसून राहिला होता, समोर बघत.

"या शांताक्का," आण्णासाहेब म्हणाले. "बसा तुम्ही."

आजवर त्यांनी तिला अगं-तुगंच केलं होतं. ती खांबाला धरून उभी राहिली.

"तुमचं दुखणं मला मान्य हाय," ते म्हणाले. "मोटार माझी, चूक माझ्या ड्रायव्हरची. मानेची भरपाई म्हणून तुमचे वकील म्हणतील तेवढं द्यायला मी तयार हाय. अदालतीची पायरी कशाला चढायची? फक्त नोटिशीत एक चूक झालीय. तेवढी दुरुस्त करून घ्या."

"कंची चूक मालक?"

"मोटारीत आम्ही तिघं होतो."

शांतलिंगच्या छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती.

"चौथा आजारी होता की," शांताक्का म्हणाली. "घोंगड्यात."

"ते पोतं होतं." आण्णासाहेबांनी तांब्या खाली ठेवला. "डोक्याला हिसका बसला की माणसाला काही दिसतं. सोमवारपर्यंत विचार करा. शांतलिंगांना दमा लई हाय. त्यांना सांभाळा."

मोटार निघून गेल्यावर शांतलिंगनं तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तीन म्हन. तुजं काय जातंय?"

तिलाही तेच वाटत होतं. काय जातंय? आजारी माणूस मोटारीत होता की नव्हता, याच्याशी तिच्या मानेचा काय संबंध? इतका मोठा माणूस उन्हातून घरी येऊन सांगतो, तर म्हणून टाकावं तीन. सोमवारी वकिलाला सांगायचं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. भीती तेवढी जात नव्हती. कशाची ते तिला नीट कळत नव्हतं.

रविवारी सकाळी धुरपदाबाई आली. पलीकडच्या वाडीतल्या दगडोबाची बायको. मोठ्या लेकराला घेऊन येडाईच्या दर्शनाला आली होती, आणि जाता जाता बांगड्या भरायला ओसरीवर बसली. हात थरथरतो हे शांताक्कानं सांगून पाहिलं, पण ती म्हणाली, तुमच्याच हातच्या पाहिजेत. शांताक्कानं हिरव्या काढल्या आणि तिचा हात मांडीवर घेतला.

"तुमचे मालक कुठं हायती?" शांताक्कानं विचारलं. बांगडी भरताना बाईला बोलतं ठेवायची तिची रीत होती.

"सोलापूरला. गिरणीत गेल्यात म्हणं."

"म्हणं म्हंजी?"

"मला सांगून न्हाय गेले. आण्णासाहेबांच्या मिशावाल्या गड्यानं सांगितलं. त्यानं येडशीला गाडीत बसताना बगितलं." धुरपदा आपल्या मनगटाकडं बघत होती. "आमच्या हिरीच्या पान्याचा दावा चालू हाय आण्णासाहेबांशी. त्याच आठवड्यात धाराशिवला तारीख होती, यांची जबानी व्हायची होती. त्यो दिवस टाकून मानूस गिरणीत कसा जाईल? पर गेले. वैशाखात गेले, अजून सांगावा न्हाय."

शांताक्काच्या हातात दुसरी बांगडी होती. ती बोटांच्या सांध्यावर अडली होती.

"कसं करत असतील कुनास ठावं," धुरपदा म्हणाली. "गिरणीत पायताण लागतंय म्हन्त्यात. यांना डाव्या पायात बसत न्हाय. लहानपणी कुऱ्हाड लागून अंगठाच गेला."

शांताक्कानं बांगडी चढवली. हात थरथरला नाही. तो तिला स्वतःचा वाटतच नव्हता. एकामागून एक तिनं सगळ्या बांगड्या चढवल्या, आणि दर बांगडीला तिला वाटत होतं की आता आपल्या तोंडून निघेल. निघालं नाही. चुडा भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणे धुरपदा तिच्या पाया पडली. शांताक्काला वाकून तिला उठवता येईना, मान वाकत नव्हती. ती तशीच ताठ बसून राहिली आणि धुरपदा लेकराचा हात धरून निघून गेली.

दुपारी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. शांतलिंगनं भिंतीला पाठ टेकली.

"मंग तर तीनच म्हन," तो म्हणाला. "आता तर म्हनायलाच पाह्यजे."

"तिला म्या हिरवा चुडा भरला."

"भरलास ते भरलास. तुला म्हाईत नव्हतं."

"निम्मा भरून झाल्यावर म्हाईत झालं."

शांतलिंगनं डोळे मिटले. मग तो एवढंच म्हणाला, "धाराशिवला म्या बी येतो."

त्यांनी वकिलाला नोटीस बदलायला सांगितलं नाही. गौसोद्दीन वकिलांनी दावा दाखल केला. तारखा पडत गेल्या. पाऊस येऊन गेला, सुगी आली. त्या महिन्यांत घरासमोर लिंबाखाली मोटार कधी कधी येऊन थांबायची. कुणी उतरायचं नाही. इंजिन चालू असायचं. शांतलिंगला धुराचा त्रास व्हायचा म्हणून शांताक्का दार ओढून घ्यायची, आणि थोड्या वेळानं आवाज दूर जायचा. शेजारी येईनासे झाले. दुकानदार बोलताना तिच्या मागं बघायचे, आणि तिला तर मागं वळून बघता यायचं नाही.

जबानीच्या आदल्या आठवड्यात ती वाडीवर जाऊन धुरपदाला भेटली. जे पाहिलं ते सांगितलं. धुरपदा रडली नाही.

"एका अंगठ्यावरून कसं म्हनावं," ती म्हणाली. "अजून कुनाला नसंल." मग तिनं विचारलं, "अदालतीत सांगशाल का?"

"सांगीन."

"मंग म्या ऐकाया येते."

धाराशिवच्या अदालतीत त्या दिवशी गर्दी नव्हती. आण्णासाहेब पुढच्या बाकावर बसले होते, मिशावाला दाराशी. धुरपदा बाहेरच्या व्हरांड्यात खिडकीला लागून उभी राहिली. न्यायाला बसलेले मुन्सिफसाहेब मध्यमवयीन, थकलेले दिसत होते. सगळं कामकाज उर्दूत चालायचं, पेशकार शांताक्काचं मराठी ऐकून लिहून घेत होता.

समोरच्या वकिलानं आधी तिच्या 'न्हाय मालक'चा मुद्दा काढला. लागलं का असं विचारल्यावर तिनं स्वतःच नाही म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं, ती म्हणाली. अंगावर जखम होती? नव्हती. मालाची किंमत घेतली? घेतली. वकील समाधानानं हसला.

"डोक्याला एवढा हिसका बसला म्हणता. मग मोटारीत कोण कुठं बसलं होतं ते इतकं बारीक कसं दिसलं?"

"मान हालत नव्हती," शांताक्का म्हणाली. "तोंड तिकडं पडलं होतं. दुसरीकडं बगताच येईना."

मुन्सिफसाहेबांनी मान वर केली. "काय दिसलं?"

"पुढं ड्रायव्हर. त्याच्या बाजूला मालक. मागं त्यो दारात हुबा हाय त्यो गडी. आन त्याच्या बाजूला..."

आण्णासाहेबांनी बोट हलवलं. त्यांचा वकील झटकन उभा राहिला. आपले अशील दावा कबूल करतात, तो म्हणाला. पूर्ण भरपाई, खर्चासकट, आजच अदालतीत जमा करायला तयार आहेत. आता जबानीची गरज उरलेली नाही.

गौसोद्दीन वकील गोंधळून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. मुन्सिफसाहेबांनी आण्णासाहेबांकडं पाहिलं, मग शांताक्काकडं.

"बाई, तुमचा दावा मंजूर झाला. उतरा खाली."

"मपलं सांगून झालं न्हाय."

"तुम्ही जिंकलात. आता सांगायची जरूर नाही."

"घोंगड्याखाली चौथा होता," शांताक्का म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, पण तो व्हरांड्यापर्यंत गेला. "डाव्या पायाला अंगठा नव्हता. मोटार त्याला घिऊन भट्ट्यांकडं गेली."

पेशकाराची लेखणी थांबली होती. त्यानं मुन्सिफसाहेबांकडं पाहिलं. साहेब खिडकीकडं बघत होते. तिथं उभी असलेली हिरव्या बांगड्यांची बाई त्यांना दिसली असावी.

"हे या दाव्यात येत नाही," ते हळू म्हणाले. "पोलिसांकडं सांगा."

काही लिहिलं गेलं नाही. बाहेर येताना आण्णासाहेब शांताक्काजवळ क्षणभर थांबले. "मान सांभाळा," ते म्हणाले, आणि मोटारीकडं गेले.

धुरपदा पोलिसांकडं गेली. तिथल्या अमीनानं, म्हणजे फौजदारानं, सांगितलं, सोलापूर इंग्रजी मुलखात येतं, नवरा तिकडं शोध. शांताक्कानंही जबाब द्यायची तयारी दाखवली, पण तिला कुणी बोलावलं नाही. मोटार मात्र आता रोज यायला लागली. एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर घडी घातलेलं घोंगडं ठेवलेलं होतं. त्याच दिवशी शांतलिंगनं बिऱ्हाड बांधायला सांगितलं. भरपाईच्या पैशांतून त्यांनी हद्दीपलीकडं, बार्शीत, एक लहान गाळा घेतला. शांतलिंग बसून बांगड्या भरायचा, शांताक्का बायांना बोलतं ठेवायची. धंदा बरा चालला. दारासमोर वाहन थांबलं की दोघं बोलायचे थांबत. ते निघून गेल्यावर कुठवर आलो होतो, हे आठवावं लागायचं.

१९४८ साली पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. दारूचे गुत्ते बंद पडले. त्या हिवाळ्यात एका दुपारी महारुद्र ड्रायव्हर गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. पार वाळला होता. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"आण्णासाहेबांनी मोटार विकली," तो म्हणाला. "मला काढलं. म्या उत्तरेकडं चाललोय. जाताना तुमाला सांगून जावं म्हन्लं. कोपऱ्याकडची भट्टी, पिंपळाखालची. तिथं नेला."

शांताक्का उठून दारापर्यंत आली.

"अजून एक हाय," महारुद्र म्हणाला. "तुमच्या गाडीवर मोटार आदळली तवा त्यो जित्ता होता. मारून बेसुद केला होता, पर जित्ता होता. तुमी बगत होता तवा मला वाटलं, आता ही बाई वरडंल. मला वाटत होतं वरडावं." त्यानं तोंड पुसलं. "म्या बी वरडलो न्हाय." मग तो वळला आणि स्टेशनाच्या दिशेनं चालता झाला.

त्या आठवड्यात शांताक्का एकटीच छोट्या रेल्वेनं येडशीला गेली आणि तिथून वाडीवर. धुरपदाला तिनं सगळं सांगितलं, शेवटचंही. ते सांगायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. धुरपदा ऐकत होती.

"तुमाला काय म्हाईत असणार," ती म्हणाली. पण तिनं शांताक्काकडं पाहिलं नाही.

भट्टीपाशी दोघी धुरपदाच्या थोरल्याला घेऊन गेल्या. उकरलं. पांढरा, घट्ट बसलेला चुना निघाला, त्याखाली आणखी चुना. चुन्यानं हाडही ठेवलं नव्हतं. धुरपदानं मूठभर चुना पदरात बांधला आणि त्याचंच क्रियाकर्म केलं.

मग त्या धाराशिवला पोलिसांच्या नव्या साहेबाकडं तक्रार द्यायला गेल्या. शिपायानं आत सोडलं. साहेब तरुण होता, आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, डोक्यावर पांढरी गांधीटोपी घातलेले आण्णासाहेब बसले होते. गावोगावच्या शांतता कमिटीचं काम आता त्यांच्याकडं होतं. त्यांनी दोघींना ओळखलं. चहाची बशी खाली ठेवली.

"बोला बाई," साहेब म्हणाला.

तिनं धुरपदाचा दंड धरला.

"सांगू द्या साहेब," आण्णासाहेब म्हणाले. "बायामाणसांचं ऐकून घ्यावं. मी इथंच बसतो."

साहेबानं दोघींकडं पाहिलं, मग आण्णासाहेबांकडं. आण्णासाहेब उठले नाहीत. दाराबाहेर मिशावाला येऊन उभा राहिल्याचं शांताक्काला कळलं. त्याच्या विडीचा वास आत येत होता.

धुरपदानं पदर नीट केला आणि नवऱ्याचं नाव सांगितलं, मग गाव, मग ज्या आठवड्यात तो दिसेनासा झाला तो आठवडा. तिचा आवाज सुरुवातीला फार बारीक होता. साहेबानं दौत पुढं ओढली आणि लिहायला सुरुवात केली.